‘पिठीला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना

गेल्या गणपतीत पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावी दुपारची पंगत बसली होती. कुळथाची पिठी मी केली होती. फोडणीला पळीभर तेलाऐवजी दोन चमचे, मीठ बेताचं, आमसुलं नेहमीपेक्षा दोन जास्त. भात होताच, पण प्रत्येकाच्या ताटात आधी नाचणीची अर्धी भाकरी वाढली होती. मुंबईहून आलेल्या चुलतभावानं पिठी ओरपली, पुन्हा वाढून घेतली. मग कोणीतरी त्याला तेल-मिठाचा हिशोब सांगितला. वाटी खाली ठेवून तो म्हणाला, “आजीच्या पदार्थांना हात लावू नकोस रे. आजोबा हेच खाऊन पंच्याऐंशी वर्षं जगले. तब्येतीच्या नावाखाली चव मारायची, हे काही खरं नाही.” पंगतीतल्या बहुतेक माना हलल्या.

हे म्हणणं एकट्या माझ्या भावाचं नाही. महाडच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकड्यावर मी ते कितीतरी वेळा ऐकलं आहे. ते मायेतून येतं, म्हणून त्याला उलट उत्तर द्यायला कोणी धजत नाही. मी देणार आहे, कारण माझ्या घरानं या मायेची किंमत मोजली आहे.

आधी ‘आजोबा हेच खाऊन जगले’ हे तपासू. हेच म्हणजे नेमकं काय? आजोबांच्या तरुणपणी खाचरातला भात घरात पोटभर खायला उरतच नसे. खोताचा खंड भातात जायचा. खोती संपली ती १९४९ च्या कायद्यानं. राहिलेल्या भातातला काही विकून मीठ आणि कापड यायचं. घर चालायचं डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर, नाचणी आणि वरीवर. सकाळी नाचणीची भाकरी नाहीतर आंबील. दुपारी बांधावर भाकरीशी चटणी, आगोटीला भरून ठेवलेली सुकट, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. रात्री पिठी-भात, आणि तो भातही मुठीनं मोजलेला. तांदूळ घरच्या उखळात कांडलेला, अंगावर थोडा कोंडा राहिलेला. तळण आणि गोडधोड म्हणजे सण. गौरीला वडे, शिमग्याला पुरणपोळी, आणि मधले सगळे दिवस कढई खुंटीवर. हे खाणारा माणूस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चढ-उतारावर राबायचा. बाजाराला पायी जायचा आणि ओझं पाठीवर घेऊन पायीच परत यायचा.

आज त्याच घरात सकाळी चहाबरोबर बिस्किटं आणि खारी. दुपारी पांढराशुभ्र भात, रात्री पुन्हा भात, मध्ये फरसाण. तेलाची पिशवी पंधरा दिवसांत संपते. नाचणीचा डबा फडताळात मागं गेला आहे आणि वरी उपवासापुरती उरली आहे. दारातून रिक्षा सुटते. सणाचं ताट आपण रोजचं केलं, रोजचं ताट टाकून दिलं, आणि आता त्या सणाच्या ताटालाच परंपरा म्हणतो आहोत. माझा भाऊ ज्या परंपरेचं रक्षण करतो आहे ती चाळीस-पन्नास वर्षांची आहे. आजोबांचं ताट त्याच्यासमोर ठेवलं तर तो ओळखणार नाही.

तांदळाचंच बघा. भाताचं तूस काढणं वेगळं आणि दाण्यावरचा कोंडा घासून तो काचेसारखा करणं वेगळं. या घासण्यात काय जातं हे जगाला कळून सव्वाशे वर्षं झाली. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमान या डच डॉक्टरच्या लक्षात आलं, की पॉलिश केलेल्या भातावर वाढणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. पुढं त्यातूनच कोंड्यातल्या ‘ब’ जीवनसत्त्वाचा माग लागला आणि १९२९ साली आयकमानना नोबेल पारितोषिक मिळालं. आमच्या आजीला हे ठाऊक नव्हतं, पण तिच्या उखळातून कोंडा पुरता सुटत नव्हता. पांढराशुभ्र तांदूळ ही गिरणीची देणगी आहे. तिला आजीचं नाव देऊ नये.

दुसरा दावा असा, की ‘त्यांना काही झालं नाही.’ हा दावा करताना आपण फक्त जगलेल्यांना साक्षीला बोलावतो. देश स्वतंत्र झाला तेव्हा जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आमच्या आजोबांच्या पाठची दोन भावंडं लहानपणीच गेली. पंच्याऐंशी वर्षं जगलेले आजोबा सर्वांना आठवतात, त्या दोघांची नावंही कोणाला सांगता येत नाहीत. म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. त्या ताटात सत्त्व होतं, पण पुष्कळदा ते ताट अर्धं रिकामं होतं.

आणि आजी? जिच्या हाताच्या चवीचं आपण इतकं कौतुक करतो, ती पंगतीत कधी बसली? सगळ्यांचं झाल्यावर, तव्यावर उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली पिठी घेऊन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. हीसुद्धा आपल्या ताटाची परंपरा आहे. ती जपायची का, हे चवीचा कैवार घेणाऱ्यांनी सांगावं.

दुसऱ्या टोकाचा आकडाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांतले एक माझे बाबा.

बाबा १६ व्या वर्षी मुंबईला गेले, निवृत्त होऊन गावी आले. साखर वाढल्याचं कळलं तेव्हा एका दवाखान्यातून त्यांना छापील कागद मिळाला. त्यावर होतं: ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह तेल, उकडलेली ब्रोकोली, आणि तांबड्या अक्षरांत, भात बंद. कुळीथ, नाचणी, वाल, टाकळा यांतला एकही शब्द त्या कागदावर नव्हता. बाबांनी आठ दिवस तो कागद पाळला. नवव्या दिवशी ते आईला म्हणाले, “हे खाऊन जगायचं असेल तर मला जगायचंच नाही.” कागद फळीवर गेला. मग नातेवाईक आले: एका दिवसानं काय होतंय, एका मोदकानं काय होतंय, आजोबांना कुठं काय झालं होतं. अशा एकेका दिवसांची तीन वर्षं झाली. पायाला लावणीच्या चिखलात झालेली जखम भरेना. आज बाबांच्या उजव्या पायाला चार बोटं आहेत.

त्या बोटाचा दोष मी एकट्या भाताला देत नाही. पण बाबांना दोन्ही बाजूंनी एकच खोटी गोष्ट सांगितली होती. कागद सांगत होता, तब्येत हवी तर तुमचं जेवण सोडा. नातेवाईक सांगत होते, तुमचं जेवण हवं तर तब्येतीचं नाव काढू नका. चव आणि तब्येत यांचं वैर आहे, हे दोघांनीही धरून चाललं होतं. माझा सगळा वाद या एका समजुतीशी आहे.

ती समजूत कुठं मोडते हे पिठीच्या पातेल्यात दिसतं, म्हणून पिठी कशी होते ते नीट सांगतो. कुळीथ मंद आचेवर भाजायचा, त्याचा वास घरभर फिरेपर्यंत. मग भरडून, टरफल पाखडून, जात्यावर किंवा गिरणीत दळायचा. पिठीची अर्धी चव या भाजण्यात आहे. घाई केली तर पीठ कच्चट लागतं, मग वरून तेल कितीही ओता. चव दुसऱ्यांदा फुलते ती लसणात. सात-आठ पाकळ्या सालीसकट ठेचायच्या आणि दोन चमचे तेलात बदामी होईस्तोवर थांबायचं. मग जिरं, मिरची, हिंग. पाण्यात कालवलेलं पीठ सोडून ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. शेवटी आमसूल. आंबटपणा जिभेवर आला की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. म्हणून आमसूल आधी, आणि मीठ त्यानंतर चाखून. पातेलं उतरल्यावर कोथिंबीर आणि झाकण.

यात तेलाचं काम एवढंच, की लसणाचा वास धरून तो पातेलंभर पोचवायचा. त्याला दोन चमचे पुरतात. बाकीचं तेल वर तवंग धरून तरंगतं. ते चव देत नाही, फक्त श्रीमंती दाखवतं. आणि ज्या घरात तेल पुरवून वापरावं लागे त्या घरातल्या आजीची पिठी अशीच होती. मी तिला हात लावला नाही. तिच्यावर मागाहून चढलेला थर काढला.

कोणताही पदार्थ सुधारायला घेताना मी हाच प्रश्न विचारतो: यात पदार्थाचा जीव कशात आहे आणि मागाहून काय चढलं आहे? जिवाला धक्का लावायचा नाही. घावनाचा जीव त्याच्या जाळीत आहे. नुसत्या नाचणीचं घावन तव्याला धरतं आणि फाटतं; ते लादू नये. तांदळाच्या दोन वाट्यांना नाचणीची एक वाटी घातली तर जाळी पडते आणि कडेला खरपूस वासही येतो. बिडाच्या तव्यावरून तेलात बुडवलेली कांद्याची फोड फिरवली की पुरतं, वरून धार धरायला नको. मोदकाचा जीव त्याच्या पातळ पारीत आणि ओल्या खोबऱ्यात आहे. ओट्सचा मोदक हा मोदक नव्हे, या बाबतीत मी भावाच्या बाजूनं उभा आहे. मोदक मुळात वाफेवरचा. त्याची रीत बदलायची गरज नाही. सारणातला गूळ थोडा कमी करा आणि पाच खात असाल तर दोन खा. खारवलेली मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या. कालवणात वेगळं मीठ घालावंच लागत नाही. गौरीचे वडे तेलातच तळा, पोटभर खा, आणि दुसऱ्या दिवशी कढई पुन्हा खुंटीला लावा. सणावर माझा राग नाही. रोज सण करण्यावर आहे.

‘हे सगळं शहरी फॅड आहे’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. तेव्हापासून नाचणीची बिस्किटं, चिप्स, चॉकलेटी लाडू यांनी दुकानं भरली. साखर आणि मैद्यात मूठभर नाचणी टाकून पुडक्यावर कणसाचं चित्र छापलं, की तो पदार्थ पौष्टिक होत नाही. गुळाबद्दलही असाच भ्रम आहे. गूळ साखरेचाच भाऊ. मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. आणि नाचणीही औषध नव्हे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. तिच्यात चोथा भरपूर. पण तीच बारीक दळून, पातळ आंबील करून, वर गूळ घालून प्यायली तर साखर चढणारच. तिचं सत्त्व काढताना फडक्यातून गाळून आपण चोथा टाकून देतो आणि उरलेल्या पांढऱ्या साक्याला पौष्टिक म्हणतो. मोड आणून, वाळवून, न गाळता दळलेली नाचणी जास्त चांगली, कारण मोड आल्यावर तिच्यातलं लोह अंगी लागणं सोपं होतं. जाडसर पिठाची भाकरी, तिच्याशी कुळथाची पिठी, वालाचं बिरडं किंवा पालेभाजी, आणि शेवटी थोडा भात: एवढं केलं की कोणतंही पुडकं आणावं लागत नाही. कुळथाच्या १०० ग्रॅमात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तो परदेशातून येत नाही, भात कापल्यावर आपल्याच शेतात होतो.

नाचणीच्या भाकरीला पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं, कारण गव्हासारखा चिकटपणा तिच्यात नसतो. हात भाजतात. भाकरी थापताना कड चिरते, ती ओल्या बोटानं सांधावी लागते. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, ते सुकायच्या आत उलटली आणि मग निखाऱ्यावर धरली, की ती टम्म फुगते आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. ही भाकरी मी पहिल्यांदा बाबांच्या ताटात वाढली तेव्हा त्यांनी ती परत ढकलली. म्हणाले, “ही खायला लागू नये म्हणून तर मी मुंबई गाठली.”

त्या वाक्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. नाचणी आपल्याला चवीला आवडेना म्हणून गेली नाही. ती गरिबीची खूण होती म्हणून गेली. शाळेत डब्यात काळी भाकरी नेणाऱ्या पोराला खाली बघावं लागे. पांढरा भात म्हणजे बरे दिवस आल्याची पावती होती. बाबांना हे लागत होतं आणि त्यांना लागण्याचा हक्क होता. म्हणून मी त्यांना कॅल्शियमचे आकडे सांगितले नाहीत. भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, शहरातून आलेल्या पाहुण्यांनाही तीच वाढली. महिन्याभरानं त्यांनी स्वतःहून एक चतकोर मागितली.

राहिला परंपरेचा मोठा दावा: जे चालत आलं ते तसंच चालावं. हा दावा निदान महाडच्या मातीत कोणी करू नये. १९ आणि २० मार्च १९२७ ला इथं परिषद भरली, आणि २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. ‘चालत आलं आहे’ हेच त्या दिवशी समोरच्या बाजूचं उत्तर होतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस खाणं आणि शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडायला सांगितलं. काय खायचं हा प्रश्न तिथं माणसाच्या मानाशी बांधला गेला आणि माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय सोडून दाखवली. माझा विषय त्या लढ्यापुढं फार लहान आहे, त्यांची तुलना मी करत नाही. पण ज्या गावानं एवढा बदल पाहिला त्या गावात पळीभर तेल कमी करण्याला परंपरेचा घात म्हणू नये.

एक आक्षेप उरतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे: वेळ कोणाकडे आहे, आणि पैसा? रेशनचा तांदूळ २०२३ पासून फुकट मिळतो, नाचणी विकत घ्यावी लागते. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून भरड धान्याची तरतूद आहे, पण आमच्या दुकानातून घरी येतो तो तांदूळ आणि गहू. सरकारनं २०२४–२५ साठी नाचणीला क्विंटलमागं ४,२९० रुपये हमीभाव जाहीर केला, साध्या भाताला २,३००. एवढा भाव असताना आमचे वरकस उतार ओस का पडले आणि रेशनच्या पोत्यात नाचणी का नाही, हा प्रश्न आपण पुढाऱ्यांना विचारायला हवा. तोवर आपल्या हातात आहे ते करू. भात गिरणीत नेला की पॉलिश कमी मारायला सांगा. त्याला जादा पैसे पडत नाहीत. कोंड्यातल्या तेलामुळं असा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून महिन्यापुरताच कांडून आणा आणि शिजवण्याआधी तासभर भिजवा. तेल पिशवीतून ओतू नका, चमच्यानं मोजा.

आणि जातं-उखळ परत आणा असं मी कोणालाही सांगणार नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचे कष्ट गिरणीनं वाचवले, ते पुन्हा तिच्या खांद्यावर टाकायचे नाहीत. आजीची चव हवी असणाऱ्या पुरुषांनी आजीचं काम शिकावं. मी बत्तिसाव्या वर्षी भाकरी थापायला शिकलो. पहिल्या महिन्यात एकही गोल झाली नाही.

असं होत नसतं म्हणणाऱ्यांना फिनलंडची गोष्ट सांगतो. उत्तर कारेलिया हा तिथला जंगलांचा, शेतकऱ्यांचा, लोण्या-मिठावर वाढलेला प्रांत. तिथली कर्ती माणसं हृदयविकारानं भराभर जात होती. १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरनं काम सुरू केलं. त्यानं गृहिणींच्या जुन्या स्थानिक संघटनेला हाताशी धरलं. त्या बायकांनी परके पदार्थ आणले नाहीत. गावोगावच्या आपल्याच रश्श्यांत भाज्या वाढवल्या, लोणी आणि मीठ कमी केलं, आणि गावजेवणात वाढलं. चाळीस वर्षांत तिथल्या काम करत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. धूम्रपान सुटणं, रक्तदाबावर इलाज, अशी कारणं त्यात आणखीही आहेत. पण त्या लोकांचं जेवण त्यांचंच राहिलं, एवढं नक्की.

आता पुन्हा आमच्या पंगतीकडे येतो. माझ्या भावानं पिठी दुसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा तिच्यात तेल कमी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या जिभेनं निकाल दिला होता. वाटी खाली ठेवली ती समजुतीनं. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. दादा, पुढच्या गणपतीत पिठी तू कर. कुळीथ मी भाजून ठेवतो, तेलाची बरणी तुझ्या हातात देतो. किती घालायचं ते तूच ठरव. फक्त पळी बुडवण्याआधी पंगतीच्या त्या टोकाला, मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून बसलेल्या आपल्या काकांच्या पायाकडे एकदा बघ.